पीठ वाढलंय

आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, पिठाचा डबा खडखडीत झाला तरी "पीठ संपलं" असं कधी म्हणायच्या नाहीत. "पीठ वाढलंय गं" म्हणायच्या. मीठ वाढलंय, तेल वाढलंय, चहापावडर वाढलीय. हे काय फक्त ख्रिस्ती घरातलं नाही, सगळ्याच जुन्या बायका असंच बोलतात, संपलं हा शब्द घरात काढायचा नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हसू यायचं. माझं माहेर इचलकरंजीचं, वडील मागावर कामाला, आईचं बोलणं सरळसोट, आमच्याकडं संपलं म्हणजे संपलं आणि शनिवारी पगार झाल्यावर येणार.

मी डबे करते. शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला, खाली स्वयंपाकघर आणि वर दोन खोल्या. २०१९ च्या आधी साठएक डबे जायचे, निम्मे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीतल्या पोरांना आणि निम्मे क्लासला आलेल्या पोरापोरींना, ह्यांची रिक्षा आहे त्यातनंच डबे पोचायचे. रोज अडीचशे भाकरी, मी आणि हाताखाली दोन बायका. म्हणजे भाकरी हा माझा धंदाच. आणि गंमत बघा, लहानपणापासून रोज रात्री "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" म्हणत आले आणि चाळिशी येईपर्यंत त्या ओळीकडं कधी नीट बघितलंच नाही. मागायची देवाकडं आणि थापायची मी, असं एकदा चेष्टेनं बोलले तर आत्तींनी उलथणं उगारलं होतं.

आमचं घर पिढीजात ख्रिस्ती. वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले तेव्हापासून इथं मिशनचं काम आहे, शाळा झाल्या, चर्च झालं, पुढं मिरजेला डॉक्टर वानलेसांचं हॉस्पिटल झालं. आत्तींचे आजोबा त्या मिरजेच्या हॉस्पिटलात बागकामाला होते आणि तिथंच त्यांनी बाप्तिस्मा घेतला असं घरात सांगतात. माझ्या बाजूला अशी काही कथा नाही. रविवारची उपासना, नाताळच्या करंज्या, गुड फ्रायडेला येशूचे क्रुसावरचे सात उद्गार, महिला मंडळाची वर्गणी, कुणाच्या घरी प्रार्थना असली तर चहा-पोहे, झालं. वाईट काही नव्हतं त्यात, पण अडचणीच्या दिवशी हात घालावा आणि काही लागावं असं पण काही नव्हतं. देव होता, आपला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्यासारखा, कुणी विचारलं तर हो आहे म्हणायला.

मला भरवसा होता तो शाळूवर, म्हणजे भाकरीच्या ज्वारीवर. दरवर्षी मार्च-एप्रिलला मंगळवेढ्याकडचा शाळू वर्षाचा एकदम भरायचा, मार्केट यार्डात स्वतः जाऊन, दाणा दाताखाली फोडून बघून. २०१९ ला पण भरला होता. लाकडी फळ्यांवर पोती, मध्ये कडुलिंबाचा पाला, भिंतीपासून वीतभर लांब. ती पोती बघितली की मला जे वाटायचं ना ते चर्चमध्ये बसून कधी वाटलं नव्हतं, हे खरं सांगते. निवांत. आता वर्षभर कुणाच्या बापाची भीती नाही.

५ ऑगस्ट, नागपंचमीचा दिवस. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका हे कोल्हापुरात पोरासोरांना पण पाठ असतं, आम्ही दरवर्षी आकडा विचारत असतो जसं क्रिकेटचा स्कोअर विचारतात तसं. ४३ झालं, ४५ झालं, सगळे म्हणाले २००५ ला पण आलं होतं, पायरीपर्यंत येईल आणि जाईल. ते थांबलंच नाही. रात्री दोनला ह्यांनी हाक मारली तेव्हा खाली गुडघाभर होतं, आम्ही सिलिंडर, मिक्सर, पोरीची पुस्तकं, आत्तींची औषधं वर नेली, आणि पोती? ओली झालेली ती जड पोती कोण उचलणार, दोन पोती कशीबशी जिन्यापर्यंत ओढली आणि तिथंच सोडली. पाणी ५५ फुटाच्या वर गेलं त्या वर्षी. सकाळी बोटीतनं आम्हाला काढलं. आत्ती बोटीत बसताना एका हातात औषधाची पिशवी आणि एका हातात बायबल, आणि मी मागं वळून आमच्या खालच्या दाराकडं बघत होते, दाराची फक्त वरची चौकट दिसत होती.

एका शाळेत आठ दिवस राहिलो. शहराची तऱ्हा अशी की बाहेर जिकडं तिकडं पाणी आणि नळाला थेंब नाही, कारण पाणी उपसायची केंद्रंच पाण्याखाली. हायवे बंद, त्यामुळं दूध नाही, पेट्रोल नाही, भाजी नाही. पण खायला मिळालं बरं का. कोल्हापूरचं हे एक आहे, माणसं घरातनं डबे घेऊन आली, तालमीची पोरं आली, मशिदीतनं खिचडी आली, चर्चच्या तरुण संघानं भाकरीचे गठ्ठे बांधून आणले. आणि मी, जी रोज अडीचशे भाकरी थापायची, रांगेत हात पुढं करून उभी. पहिल्या दिवशी मी रांगेत गेलेच नाही. पोरीला पाठवलं. लाज वाटली म्हणा, ताठा म्हणा. आत्तींनी ओळखलं. काही बोलल्या नाहीत, नुसती आपल्या हातातली अर्धी भाकरी मोडून माझ्या पुढ्यात ठेवली. कुणा अनोळखी बाईनं केलेली, जाड, एका बाजूनं कच्ची. मी ती खाल्ली आणि रडले, आणि खरं सांगायचं तर त्यात देवाबिवाचं काही नव्हतं, नुसता राग होता.

घरी परत आलो तेव्हाचा वास मी विसरणार नाही. गाळ तर होताच, पण शाळू फुगून पोती फुटलेली, काही दाण्यांना मोड आलेले, खाली आंबून काळं पाणी सुटलेलं आणि त्यात अळ्या. राहिला होता तो सगळा घमेल्यानं भरून बाहेर टाकला. त्याच दिवसांत आमच्या गल्लीत घरगुती प्रार्थना झाली, सतरंजी टाकायला कोरडी जागा नाही म्हणून सगळे उभ्यानंच, आणि पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या पास्टरांनी, बायबलातल्या निर्गमाचा सोळावा अध्याय वाचला, मान्न्याचा. लहानपणी संडे स्कूलला शिकलेलं. इस्राएल लोक रानात उपाशी, देव म्हणाला मी रोज सकाळी भाकर देईन, रोज उठून गोळा करा, माणशी एक ओमर, म्हणजे आजच्या मापानं साधारण दोन लिटर. बघितलं तर धण्यासारखं पांढरं काहीतरी जमिनीवर पसरलेलं, लोक एकमेकांना विचारायला लागले "हे काय?" आणि तेच त्याचं नाव पडलं, मान्ना. उद्यासाठी ठेवू नका असं सांगितलेलं. काहींनी ठेवलाच, तर सकाळी त्यात किडे पडलेले आणि घाण वास सुटलेला.

किडे आणि घाण वास म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं असं मला वाटलं. मी तिथंच बोलले. म्हटलं पाळकसाहेब, म्हणजे मी शाळू भरून ठेवला ते पाप केलं का? मग योसेफानं मिसरात सात वर्षं धान्य साठवलं ते काय होतं, ते तर देवानंच सांगितलं होतं ना? हे मला कसं सुचलं देव जाणे. पाळकसाहेब हसले, म्हणाले, साठवण्याला कुणी पाप म्हणत नाही बाई, पोत्याला विचारा की तुझ्यावर किती जीव टाकला होता. उत्तर मला तेव्हा आवडलं नाही. अजूनही पुरतं आवडत नाही, ज्याची पोती वाहून गेली त्याला असं ऐकवू नये असं माझं मत आहे. पण डोक्यात राहिलं.

त्यानंतरचे महिने हाताला काही लागत नव्हतं. डबे वीसवर आले. शाळू आता पाच किलो, दहा किलो असा आणायचा, जसे पैसे येतील तसा. आणि इथंच माझी सुरुवात झाली म्हणायची तर झाली, कारण रोज संध्याकाळी डब्यात उद्याचं पीठ आहे का बघायचं, आणि नसलं तर कुठनं आणायचं हा प्रश्न घेऊन झोपायचं. एका रविवारी उपदेशात जॉर्ज म्युलरची गोष्ट आली. इंग्लंडातल्या ब्रिस्टलला त्यांनी अनाथ पोरांसाठी घरं काढली आणि कुणा माणसापुढं पैशासाठी हात पसरायचा नाही, फक्त देवाकडं मागायचं असं धरलं, आणि आलेल्या पै-पैचा हिशोब लिहून ठेवला. केडगावच्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंनी पण त्यांचं वाचूनच हिंमत धरली होती, पुढं दुष्काळातल्या शेकडो पोरींना जेवू घालताना. हिशोबाची वही म्हटल्यावर माझे कान टवकारले. पण मला लागलं ते वेगळंच. म्युलर म्हणायचे की सकाळी उठल्यावर माझं पहिलं काम देवाची सेवा करणं हे नाही, माझ्या आतल्या माणसाला खायला घालणं हे आहे, आणि ते अन्न म्हणजे वचन, आधी ते पोटात जाऊ दे, प्रार्थना मग त्यातनं आपोआप निघते. मी आयुष्यभर उलटं करत आले होते. आधी मागण्यांची यादी, आणि वचन राहिलं वेळ मिळेल तेव्हा. रिकाम्या पोटी कुणी डबे भरत नाही, मी पण आधी चहा-बिस्किट खाते आणि मगच परात घेते, मग हे इतकं साधं मला कुणी आधी का सांगितलं नाही?

तर सव्वाचारला उठायला लागले. आधी साडेचारला उठायची, आता पंधरा मिनिटं आधी. स्तोत्रसंहितेपासून धरलं, रोज एक स्तोत्र. १५० स्तोत्रं, पण एकशे एकोणिसावं भलं मोठं, १७६ वचनं, त्याचे बावीस भाग आहेत आठ-आठ वचनांचे, ते बावीस दिवस केलं. सुरुवातीला झोप यायची. चष्मा लावूनच पेंगायची. दोन आठवड्यात सोडून देणार होते, तेव्हा आत्ती म्हणाल्या, अगं वाचून काय मिटवतेस, एक ओळ उचल आणि परातीत घे. म्हणजे? म्हणजे भाकरी थापताना ती ओळ तोंडात ठेव. त्यांची आई म्हणे जात्यावर दळताना अशाच येशूच्या ओव्या म्हणायची, स्वतःच रचलेल्या, एकीला दुसरी जोडत.

हे मी पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, पहिल्या स्तोत्रात नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो असं आहे ना, तिथं मूळ इब्री शब्दाचा अर्थ नुसता विचार करणं नाही, पुटपुटणं आहे, यशयात सिंह शिकारीवर गुरगुरतो तिथं पण तोच शब्द आहे. मला एकदम पटलं. कारण भाकरी थापताना विचार होत नाही, पण पुटपुटता येतं. उंडा मळायचा, परातीत पीठ टाकायचं, थापायचं, फिरवायचं, उचलून तव्यावर, वरनं पाण्याचा हात, आणि ह्या सगळ्याला एक लय असते, त्या लयीत "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" हे शंभर वेळा बसतं. पन्नासाव्या वेळेला त्यातला माझा शब्द टोचायला लागतो. ऐंशीव्या वेळेला उणे वर अडते, म्हणजे डब्यात पीठ उणं आहेच की, मग हे खोटं का? आणि मग तिथं भांडण सुरू होतं देवाशी, आणि भांडण म्हणजे पण बोलणंच आहे, आधी बोलणंच नव्हतं आमचं. हाताखालची बाई, ती काही ख्रिस्ती नाही, एकदा म्हणाली वहिनी तुम्ही आता तव्याशी बोलता.

मी इथं एक स्पष्ट लिहिते, कारण साक्षीत, म्हणजे देवाचा अनुभव चारचौघांत सांगताना, लोक सांगतात की प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशी पाकीट आलं. माझं एकदाही तसं पाकीट आलं नाही. घडलं ते असं की काळजीला एक जागा मिळाली. आधी ती रात्रभर घरभर फिरायची, आता सव्वाचारला यायची, बसायची, तिचं बोलून झालं की मी पीठ मळायला घ्यायची. उद्याचं काय हा प्रश्न उद्या सव्वाचारला परत यायचाच, पण रात्री मी झोपायला लागले.

मग २०२० चा लॉकडाऊन. डबे एका दिवसात शून्य. हॉस्टेलं रिकामी, एमआयडीसी बंद. उपासना मोबाईलवर. एका रविवारी प्रभूभोजन होतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, आणि सांगितलं की ज्यानं त्यानं घरी भाकर आणि द्राक्षरस घेऊन बसा. घरात ब्रेड नाही. द्राक्षं मात्र होती, त्या वेळी माल बाहेर जात नव्हता म्हणून तासगावकडची द्राक्षं गल्लीत हातगाडीवर कवडीमोलानं मिळत होती, ती मी फडक्यातनं पिळली. आणि ब्रेडच्या जागी ठेवली शाळूची भाकरी. पोरगी म्हणाली आई चालतं का असं? आत्ती म्हणाल्या, पाच हजार लोकांना जेवू घातलं ती तरी कुठं बेकरीतली होती, जवाच्या भाकरी होत्या त्या, गरिबाच्या. मी ती भाकरी मोडली आणि तो आवाज, तुम्ही कधी ऐकला नसेल तर सांगते, ताजी पातळ भाकरी मोडताना कडेला एक बारीक कडकड होते. "हे माझे शरीर आहे" हे वाक्य मोबाईलमधून आलं आणि माझ्या हातात मी स्वतः थापलेली भाकरी. हजारो भाकरी मोडल्यात मी आयुष्यात. त्या दिवशी मला ती गिळवेना थोडा वेळ. "मीच जीवनाची भाकर आहे" हे येशू मान्न्याच्याच संदर्भात बोलला, तुमच्या पूर्वजांनी रानात मान्ना खाल्ला आणि तरी ते मेले असं म्हणून, हे मी योहानाच्या सहाव्या अध्यायात कितीदा वाचलं होतं. त्या वेळी तो धान्य द्यायचं म्हणत नव्हता तर स्वतःला द्यायचं म्हणत होता, हे माझ्या जिभेला त्या दिवशी कळलं, डोक्याला अजून पुरतं कळलंय का माहीत नाही.

प्रभूच्या प्रार्थनेतल्या त्या "रोजची" शब्दाचं पण एक आहे. मोबाईलवरच्या बायबल स्टडीत पाळकसाहेबांनी सांगितलं की मूळ ग्रीकमध्ये तिथं जो शब्द आहे तो अख्ख्या बायबलात फक्त ह्याच प्रार्थनेत येतो, मत्तयात एकदा आणि लूकात एकदा, त्यामुळं त्याचा नेमका अर्थ काय यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. कुणी म्हणतं आजच्यापुरती, कुणी म्हणतं जगायला लागेल तेवढी, कुणी म्हणतं येणाऱ्या दिवसाची. हे म्हणाले, म्हणजे उद्याची आजच दे, ॲडव्हान्स! सगळे हसले. पण आमच्या धंद्यात हे खरंच आहे, उद्याचं पीठ आज रात्री डब्यात असावं लागतं, तेवढं असलं की बाईमाणूस झोपते.

२०२१ च्या एप्रिलअखेर मला आणि आत्तींना एकदमच ताप आला. मला घरी ठेवलं, त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. अकरा दिवस. मी वरच्या खोलीत, दाराबाहेर ताट, आणि मी इतकी प्रार्थना केली जितकी आयुष्यात केली नव्हती. उपास केला, हे ओरडले आजारात कसला उपास म्हणून. सगळी मंडळी प्रार्थनेला होती, साखळी प्रार्थना, तासातासाला एक घर. आत्ती गेल्या. बाराव्या दिवशी पहाटे फोन आला. दफनाला ह्यांच्यासकट चार माणसं, मी नाही. मला खिडकीतनं रस्ता दिसत होता तेवढाच.

आणि माझी चव गेली होती. वास पण. ज्या बाईला फोडणीच्या वासावरनं मोहरी किती जुनी ते कळायचं तिला फिनेल आणि कांदा-लसूण चटणी सारखीच. डॉक्टर म्हणाले चव लागो न लागो, खायचं, औषध समजून खा, अंगाला लागतं ते. तर मी खायची. भात म्हणजे ओला कापूस, भाकरी म्हणजे पुठ्ठा. चावायचं, गिळायचं. सव्वाचारला उठायची ती फक्त सवयीनं, आणि वचनाचं पण तसंच, पुठ्ठा. परमेश्वर माझा मेंढपाळ वगैरे तोंडात घेतलं की राग यायचा. तेव्हा अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र सापडलं, आधी वाचून पुढं गेले होते तेच. बाकीची रडकी स्तोत्रं शेवटी कुठंतरी वळतात, पण तरी मी तुझी स्तुती करीन वगैरे, हे वळतच नाही, अंधारातच संपतं. मी ते महिनाभर तेच वाचलं. दुसरं काही वाचवेना. असलं स्तोत्र पण कुणीतरी बायबलात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही, एवढाच काय तो आधार.

महिला मंडळात एक दोघी म्हणाल्या, विश्वास कमी पडला असेल. माझा की आत्तींचा ते त्यांनी सांगितलं नाही. असलं बोलू नये माणसानं. आत्तींचा विश्वास कमी पडला असेल तर मग आम्हा बाकीच्यांनी चर्चला कुलूपच लावावं.

हळूहळू वजन भरायला लागलं माझं. चव अजून नव्हतीच, पण पायऱ्या चढताना धाप लागायची ती कमी झाली, हातात थापायची ताकद आली. म्हणजे तो पुठ्ठा खरंच अंगाला लागत होता. हे लक्षात आलं त्या दिवशी मी बायबल उघडं ठेवून बराच वेळ नुसती बसले, मागितलं काही नाही.

वास परत आला तो पण वाकडा. कांदा परतला की जळकं, कुजकं काहीतरी यायचं, लसणाचं तर विचारू नका, डॉक्टर म्हणाले असं होतं, नसा परत जुळताना चुकीचा वास येतो. चार महिने पोरगी चव बघायची आणि मी तिच्या तोंडाकडं बघून मीठ टाकायची. प्रार्थनेचं पण जुन्यासारखं काही परत आलं नाही. आधी कसं मी बोलायची आणि मग हलकं वाटायचं, आता हलकं वाटायचं नाही, पण उठून गेल्यावर चुकल्यासारखं वाटायचं. वेगळीच भूक.

मधेच जुलैत परत पाणी आलं, पुन्हा आमच्या गल्लीत. ह्या वेळी खालनं वर नेण्यासारखं काही नव्हतंच, पंधरा किलो शाळू, तो एका फेरीत वर गेला. वर बसून मेणबत्तीत मी राजांच्या पहिल्या पुस्तकातला सतरावा अध्याय काढला, सारफथच्या विधवेचा. दुष्काळ, घरात मूठभर पीठ आणि कुपीत थोडं तेल, ती दोन काटक्या गोळा करतीय, माझं आणि पोराचं करून खाऊ आणि मग मरू म्हणून, आणि एलीया संदेष्टा म्हणतो आधी मला एक लहान भाकर करून आण. काय माणूस आहे! मग मडक्यातलं पीठ संपत नाही आणि कुपीतलं तेल आटत नाही, पाऊस पडेपर्यंत. चित्राच्या पुस्तकात ते मडकं ओसंडून वाहताना काढायचे. पण मी डबेवाली आहे, मला विचारा. वचनात मडकं भरलं असं कुठं लिहिलेलंच नाही. ते संपलं नाही एवढंच लिहिलंय. म्हणजे ती बाई रोज सकाळी झाकण काढून बघत असणार आणि आत रोज तेवढंच, बुडाशी, मूठभर. रोज तिच्या पोटात गोळा येत असणार. रोज तिनं तरी पण हात घातला. आणि लेकरू मेलं तिचं पुढं त्याच अध्यायात, पीठ संपत नसलेल्या घरात, तेव्हा ती एलीयावर कशी ओरडली ते पण लिहिलंय, तिचं लेकरू परत मिळालं, आमच्या आत्ती नाही मिळाल्या. हे मी देवाला त्या रात्री सांगितलं. खाली जिन्याच्या सातव्या पायरीला पाणी लागलेलं.

आता चाळीस डबे आहेत. शाळू परत भरते, पण थोडाच, आणि वरच्या खोलीत. सव्वाचार चालू आहे, चुकतं कधी कधी, नाताळच्या आठवड्यात तर हमखास. वही पण आहे, म्युलरसारखी नाही, डाव्या पानाला डब्यांचा हिशोब आणि उजव्या पानाला त्या दिवशीची ओळ. उजवं पान पुष्कळदा कोरं असतं. परवा महिला मंडळात साक्ष द्या म्हणाले तेव्हा मी हेच सगळं सांगितलं, थोडं कमी, आणि एकीनं विचारलं मग शेवटी काय मिळालं तुम्हाला? मी म्हटलं रोजचं मिळतं. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

हे लिहिताना खालनं पोरगी ओरडली, तिला बारावीच्या क्लासला जायच्या आधी दोन भाकरी करून हव्यात आणि स्वतःच करायला गेलीय, "आई, पीठ वाढलंय!" आत्तींसारखंच, हेल काढून. शाळू निवडून ठेवलाय पिशवीत, गिरणी साडेआठला बंद होते, जाऊन येते.